ग्राउलर

ग्राउलर हे मद्यालयातील किंवा बिअरनिर्मितीगृहातील नळाची बिअर घरी नेण्यासाठी वापरले जाणारे, पुन्हा पुन्हा भरता येणारे झाकणबंद भांडे आहे. अमेरिकेत रूढ असलेल्या ग्राउलरची क्षमता ६४ अमेरिकी द्रव औंस, म्हणजे सुमारे १.८९ लीटर असते. हे भांडे बहुधा तपकिरी काचेचे असून त्याच्या मानेपाशी बोट अडकवण्यापुरता कान आणि तोंडाला आट्यांचे झाकण असते. पोलाद, चिनी माती व प्लॅस्टिक यांची भांडीही याच नावाने ओळखली जातात.

नळाची बिअर 'केग' नावाच्या धातूच्या पिंपात दाबाखाली साठवलेली असते. पिंप पूर्ण बंद असल्याने तिच्यातील कार्बन डायऑक्साइड वायू बाहेर जात नाही आणि बाहेरची हवा आत येत नाही. पिंपातून बाहेर पडताच या दोन्ही गोष्टी एकदम सुरू होतात : वायू निसटू लागतो आणि हवेतील ऑक्सिजन बिअरमध्ये शिरू लागतो. ग्लासातील बिअर काही मिनिटांत संपत असल्यामुळे तेथे हा फरक जाणवत नाही. घरी नेऊन काही तासांनी वा दिवसांनी प्यायच्या बिअरचा दर्जा मात्र ती भांड्यात कशी भरली यावरच अवलंबून असतो. ग्राउलर भरण्याच्या सर्व पद्धती याच दोन क्रिया रोखण्यासाठी किंवा लांबवण्यासाठी विकसित झाल्या आहेत.

नाव

'ग्राउलर' या इंग्रजी शब्दाचा सरळ अर्थ 'गुरगुरणारा' असा होतो. भांड्याला हे नाव कसे पडले याविषयी एकमत नाही. डब्यातील बिअर हिंदकळली की सुटलेला वायू झाकणाच्या फटीतून बाहेर पडताना गुरगुरल्यासारखा आवाज होई, त्यावरून हे नाव आले, हे स्पष्टीकरण सर्वाधिक प्रचलित आहे. रिकामा डबा विक्रेत्याच्या लाकडी फळीवरून सरकवताना होणाऱ्या खरखरीशी काही जण त्याचा संबंध जोडतात. माप पुरेसे भरले की नाही यावरून गिऱ्हाईक आणि विक्रेता यांच्यात चालणाऱ्या कुरबुरीवरून ते पडले, असेही मत मांडले जाते. यांपैकी कोणत्याही मताला निर्णायक पुरावा नाही.

३२ औंसांच्या, म्हणजे सुमारे ९४६ मिलिलीटरच्या निम्म्या आकाराच्या भांड्याला 'हाउलर' म्हणतात. 'कॅन' आणि 'ग्राउलर' या शब्दांच्या जोडणीतून 'क्राउलर' हा शब्द तयार झाला असून तो जागेवरच भरून बंद केल्या जाणाऱ्या ॲल्युमिनियमच्या डब्यासाठी वापरतात.

इतिहास

डब्यांचा काळ

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील औद्योगिक शहरांत कामगारांच्या घरी बिअर थंड ठेवण्याची सोय नव्हती. बाटलीबंद बिअर महाग असे. त्यामुळे जेवणाच्या वेळी कोपऱ्यावरच्या मद्यालयातून डबा भरून आणण्याची पद्धत पडली. हा डबा बहुधा जस्ताचा मुलामा दिलेल्या किंवा कल्हई केलेल्या पत्र्याचा असून त्याला धरण्यासाठी कडी आणि वर सैल झाकण असे. बिअर आणण्याच्या या फेरीला इंग्रजीत 'रशिंग द ग्राउलर' असे म्हणत.

ही फेरी पुष्कळदा मुलांना करावी लागे. घरची मुले आईवडिलांसाठी डबा घेऊन जात, तर कारखान्यांजवळ दुपारच्या सुट्टीत मुले लांब काठीला अनेक डबे अडकवून कामगारांना बिअर पोहोचवीत. डबा भरताना फेस कमी व्हावा आणि त्याच मापात अधिक बिअर मिळावी म्हणून काही गिऱ्हाइके डब्याला आतून लोणी किंवा चरबी चोळत, असेही सांगितले जाते. स्निग्ध पदार्थांमुळे बिअरचा फेस मोडतो, ही गोष्ट शास्त्रीयदृष्ट्या खरी आहे.

पत्रकार जेकब रीस यांनी न्यूयॉर्कच्या गरीब वस्त्यांतील जीवनावर लिहिलेल्या 'हाऊ द अदर हाफ लिव्हज' (१८९०) या पुस्तकात या प्रथेचा आणि डब्याभोवती जमणाऱ्या तरुणांच्या टोळक्यांचा उल्लेख आहे. मद्यपानविरोधी चळवळीने मुलांच्या हाती दिला जाणारा हा डबा आपल्या प्रचारात वारंवार पुढे आणला. मुलांना मद्यालयात जावे लागू नये, ही मागणी या चळवळीच्या सर्वांत प्रभावी मागण्यांपैकी एक ठरली.

ब्रिटनमध्येही अशीच प्रथा होती. तेथील अनेक मद्यालयांत 'जग अँड बॉटल' नावाची स्वतंत्र खिडकी किंवा लहान दालन असे आणि लोक आपला जग तेथे भरून घेत. १९०१ च्या कायद्याने १४ वर्षांखालील मुलांना मद्य देण्यावर बंदी घालण्यात आली; मात्र बूच लावून मोहोरबंद केलेल्या भांड्यातून देण्यास मुभा ठेवली गेली. वाटेत मुलांनी उघड्या जगातून घोट घेऊ नयेत हा त्यामागील हेतू होता. घरी न्यायचे भांडे मोहोरबंद असावे, हा आजही अनेक ठिकाणी असलेला नियम अशा जुन्या तरतुदींशी मिळताजुळता आहे.

ऱ्हास

विल्यम पेंटर यांनी १८९२ मध्ये अमेरिकेत पत्र्याच्या दातेरी बुचाचे पेटंट घेतले. या बुचामुळे बाटलीतील वायू खात्रीने टिकू लागला आणि बाटलीबंद बिअर स्वस्त होत गेली. १९२० ते १९३३ या काळात अमेरिकेत देशव्यापी दारूबंदी होती. त्यामुळे कायदेशीर मद्यालयेच बंद पडली. बंदी उठल्यानंतर जानेवारी १९३५ मध्ये गॉटफ्रीड क्रूगर कंपनीची डबाबंद बिअर व्हर्जिनियातील रिचमंड येथे विक्रीस आली. पुढे घरोघरी शीतकपाटे पोहोचली आणि रोज बिअर भरून आणण्याची गरजच उरली नाही. काही मद्यालयांत मेणाचा थर दिलेल्या पुठ्ठ्याच्या भांड्यांतून बिअर देण्याची पद्धत काही काळ टिकली, पण ग्राउलर हा शब्द सामान्य वापरातून मागे पडला.

पुनरुज्जीवन

१९८० च्या दशकात अमेरिकेत लहान बिअरनिर्मितीगृहांची संख्या वाढू लागली. बाटल्या भरण्याची यंत्रणा महाग असल्याने अशी अनेक निर्मितीगृहे फक्त केगमधील बिअर विकत. वायोमिंग राज्यातील विल्सन येथील ऑटो ब्रदर्स या निर्मितीगृहाने १९८९ मध्ये अर्ध्या गॅलनच्या काचेच्या बाटल्यांवर आपले चिन्ह छापून त्यांतून बिअर देण्यास सुरुवात केली. वडिलांच्या तरुणपणातील डब्यांच्या आठवणीवरून चार्ली ऑटो यांना ही कल्पना सुचली, असे सांगितले जाते. आजचा काचेचा ग्राउलर याच प्रयोगापासून रूढ झाल्याचे मानतात. कोलोरॅडोतील ऑस्कर ब्लूज या निर्मितीगृहाने बॉल कॉर्पोरेशन या डबे बनवणाऱ्या कंपनीच्या सहकार्याने पुढे क्राउलर बाजारात आणला.

शास्त्रीय पार्श्वभूमी

विरघळलेला वायू

द्रवात किती वायू विरघळेल हे दाब आणि तापमान यांवर ठरते. स्थिर तापमानाला विरघळणाऱ्या वायूचे प्रमाण त्या वायूच्या दाबाच्या समप्रमाणात असते. हा नियम विल्यम हेन्री यांनी १८०३ मध्ये मांडला. दाब तोच ठेवून द्रव थंड केल्यास अधिक वायू विरघळतो, तर तापवल्यास वायू बाहेर पडतो. सोडा वॉटरची थंड बाटली उघडली तर थोडा फेस येतो आणि उन्हात राहिलेली बाटली उघडताच निम्मा सोडा बाहेर उसळतो, हे याचेच उदाहरण आहे.

बिअरमधील वायूचे प्रमाण 'आकारमानांत' मोजतात. एक लीटर बिअरमध्ये अडीच लीटर कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असल्यास तिच्यात २.५ आकारमाने वायू आहे असे म्हणतात. वजनात हे प्रमाण लीटरमागे सुमारे ५ ग्रॅम भरते. नळाच्या बहुतेक बिअरमध्ये ते २.४ ते २.७ च्या दरम्यान असते. ३ अंश सेल्सिअस तापमानाला २.५ आकारमाने वायू विरघळलेल्या अवस्थेत ठेवण्यासाठी वातावरणाच्या दाबापेक्षा सुमारे ११ पाउंड प्रति चौरस इंच (०.७५ बार) अधिक दाब लागतो. तीच बिअर बंद भांड्यात २५ अंशांपर्यंत तापली, तर आतील जादा दाब सुमारे ३० पाउंडांपर्यंत (२ बार) चढतो.

बिअर नळातून बाहेर येते तेव्हा भोवतालचा दाब अचानक कमी होतो. आता तिच्यात मावेल त्यापेक्षा अधिक वायू असतो. तरीही तो एकदम बाहेर पडत नाही. बुडबुडा तयार होण्यासाठी त्याला आधार लागतो. भांड्यातील धूळ, ओरखडे, वाळलेल्या बिअरचे डाग, ओतताना अडकलेली हवा आणि खळबळ हे सर्व असा आधार पुरवतात. म्हणूनच स्वच्छ, थंड व ओल्या भांड्यात बिअर शांतपणे भरल्यास फेस कमी येतो. फेस म्हणजे बिअरमधून निघून गेलेला वायू, त्यामुळे भरताना जितका फेस अधिक तितकी घरी पोहोचणारी बिअर बेचव.

ऑक्सिजन

ऑक्सिजनच्या संपर्काने बिअर शिळी होते. प्रथम हॉपचा ताजा सुगंध मंदावतो आणि पुढे ओल्या पुठ्ठ्यासारखा वास येऊ लागतो. ट्रान्स-२-नोनेनल हे संयुग या वासाशी निगडित असून ते अत्यल्प प्रमाणातही जाणवते. हॉपचे प्रमाण अधिक असलेल्या बिअरमध्ये हा बदल लवकर लक्षात येतो.

बाटल्या भरणारे चांगले कारखाने बिअरमधील ऑक्सिजन लीटरमागे ०.१ मिलिग्रॅमपेक्षा कमी ठेवण्याचा प्रयत्न करतात. त्या तुलनेत ग्राउलरची स्थिती पाहण्यासारखी आहे. रिकाम्या १.८९ लीटरच्या भांड्यातील हवेत सुमारे अर्धा ग्रॅम ऑक्सिजन असतो. भांडे भरल्यावर वर केवळ ९० मिलिलीटर जागा राहिली आणि तीत साधी हवा असली, तरी तिच्यात सुमारे २५ मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो. हे प्रमाण कारखान्यातील मर्यादेच्या शंभरपटीहून अधिक आहे. झाकण लावण्यापूर्वी ही हवा हाकलणे का महत्त्वाचे आहे, हे यावरून कळते.

प्रकाश

हॉपमधील कडू घटकांचे प्रकाशामुळे विघटन होते आणि गंधकयुक्त दुर्गंधी संयुग तयार होते. अमेरिकेत या वासाची तुलना स्कंक या प्राण्याच्या स्रावाशी करतात. रंगहीन काचेतील बिअरमध्ये हा बदल उन्हात काही मिनिटांतही होऊ शकतो. तपकिरी काच निळा व अतिनील प्रकाश बराचसा अडवते. पोलाद आणि ॲल्युमिनियम तो पूर्णपणे अडवतात.

भरण्याच्या पद्धती

थेट नळाखाली

भांडे तिरपे धरून नळाखाली भरणे ही सर्वांत सोपी आणि सर्वांत सदोष पद्धत आहे. बिअर उंचावरून पडत असल्याने फेस पुष्कळ होतो, हवा मिसळते आणि बरीच बिअर वाया जाते. अशी बिअर त्याच दिवशी पिणे योग्य ठरते.

नळीने तळापासून

बहुतेक मद्यालयांत ही पद्धत वापरतात. नळाच्या तोंडाला बसेल अशी खाद्यपदार्थांसाठी योग्य प्लॅस्टिकची नळी घेतात. तिचे दुसरे टोक भांड्याच्या तळाजवळ पोहोचते. कृती पुढीलप्रमाणे असते :

१. भांडे डाग, तडे आणि वास यांसाठी तपासून घेतात व थंड, स्वच्छ पाण्याने विसळतात. गरम भांड्यात बिअर भरत नाहीत.

२. सोय असल्यास भांड्यात तळापर्यंत कार्बन डायऑक्साइड सोडतात. हा वायू हवेच्या सुमारे दीडपट जड असल्याने तळाशी साचतो आणि हवेला वर ढकलतो.

३. निर्जंतुक केलेली नळी तळाशी टेकवून नळ पूर्ण उघडतात. अर्धवट उघडलेल्या नळात प्रवाहाला अडथळा येतो व फेस वाढतो.

४. नळीचे टोक बिअरच्या पृष्ठभागाखालीच ठेवतात. त्यामुळे बिअर खालून वर शांतपणे चढते.

५. ठरलेल्या खुणेपर्यंत भरल्यावर नळी काढतात. फेस भांड्याच्या तोंडाशी आला असतानाच झाकण लावतात. फेसात मुख्यतः कार्बन डायऑक्साइड असल्याने त्याने वरची हवा हाकललेली असते.

६. झाकण घट्ट आवळून भांडे उलटे करून गळती तपासतात, बाहेरून पुसतात आणि बिअरचे नाव, मद्यार्काचे प्रमाण व भरल्याची तारीख लिहिलेली चिठ्ठी लावतात.

पाचव्या पायरीकडे पुष्कळदा दुर्लक्ष होते. फेस बसेपर्यंत वाट पाहून मग झाकण लावल्यास भांडे नीटनेटके दिसते, परंतु फेसाची जागा हवेने घेतलेली असते.

प्रतिदाब पद्धत

या पद्धतीत भांड्याचे तोंड यंत्राला घट्ट जोडतात. प्रथम त्यातील हवा कार्बन डायऑक्साइडने हाकलली जाते. नंतर भांड्यातील दाब केगमधील दाबाइतका केला जातो. दोन्ही बाजूंचा दाब सारखा असल्यामुळे बिअर आपोआप वाहत नाही. यानंतर भांड्यातील वायू एका झडपेतून हळूहळू सोडला जातो आणि त्याने मोकळ्या केलेल्या जागेपुरतीच बिअर आत येते. बिअरवरील दाब कधीच एकदम घटत नसल्याने वायू विरघळलेलाच राहतो आणि फेस जवळजवळ येत नाही. शेवटी उरलेला दाब सावकाश सोडून झाकण लावतात. बाटल्या भरणाऱ्या मोठ्या कारखान्यांतील यंत्रेही याच तत्त्वावर चालतात. रशियात नळाची बिअर विकणाऱ्या दुकानांत प्लॅस्टिकच्या बाटल्या भरण्यासाठी अशा प्रकारचे नळ मोठ्या प्रमाणावर वापरले जातात.

काचेचे भांडे या दाबासाठी बनवलेले नसेल, तर ही पद्धत धोकादायक ठरू शकते. त्यामुळे अशा यंत्रांना फुटलेल्या काचेपासून संरक्षण देणारे आवरण असते.

क्राउलर

क्राउलर पद्धतीत ३२ औंसांच्या उघड्या डब्यात कार्बन डायऑक्साइड सोडून तळापासून बिअर भरतात, फेसावर झाकण ठेवतात आणि लहान यंत्राने डबा फिरवून झाकणाची व डब्याची कड एकमेकांत दुमडतात. डबा प्रकाश आत येऊ देत नाही आणि प्रत्येक वेळी नवा असल्यामुळे अस्वच्छतेचा प्रश्न उरत नाही. मात्र तो पुन्हा बंद करता येत नाही आणि एकदाच वापरता येतो.

अपवाद

सर्वच बिअर ग्राउलरसाठी सारख्या योग्य नसतात. काही स्टाउट नायट्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड यांच्या मिश्रणाच्या दाबाने नळातून देतात. नायट्रोजन बिअरमध्ये फारच थोडा विरघळतो आणि नळातील बारीक छिद्रांतून जातानाच तिचा दाट, मऊ फेस तयार होतो. भांड्यात भरून नेल्यावर हा फेस परत मिळत नाही. ब्रिटिश पद्धतीच्या कास्क बिअरमध्ये मुळातच वायू कमी असतो. ती थोड्या वेळासाठीच नेण्याजोगी असते.

भांड्यांचे प्रकार

काच : स्वस्त, वास न धरणारी आणि आतील स्वच्छता डोळ्यांनी तपासता येणारी. फुटण्याचा धोका आणि थंडावा न टिकणे हे तिचे दोष.

पोलाद : न फुटणारे व प्रकाशरोधक. दुहेरी भिंतीचे, मध्ये निर्वात जागा असलेले भांडे थर्मासप्रमाणे बिअर कित्येक तास थंड ठेवते. आतील डाग मात्र सहज दिसत नाहीत.

चिनी माती : झाकण तारेच्या कडीने आवळले जाते. वजनाने जड व किमतीने महाग.

प्लॅस्टिक : हलके व न फुटणारे, परंतु साध्या पीईटीच्या भिंतीतून कार्बन डायऑक्साइड हळूहळू बाहेर जातो आणि ऑक्सिजन आत येतो. त्यामुळे ते अल्पकाळासाठीच उपयुक्त.

दाबाचे ग्राउलर : लहान केगसारखे पोलादी भांडे. वायूच्या छोट्या कुपीने आतील दाब कायम ठेवता येतो, त्यामुळे थोडी बिअर काढून घेतल्यावर उरलेली खराब होत नाही.

स्वच्छता

ग्राउलरच्या बिअरमध्ये रोगकारक जंतू सहसा वाढत नाहीत; मद्यार्क, आम्लता आणि हॉप यांमुळे त्यांना पोषक परिस्थिती मिळत नाही. चव बिघडवणारे जिवाणू मात्र वाढू शकतात. लॅक्टोबॅसिलस जिवाणूंमुळे बिअर आंबते, पेडिओकॉकसमुळे तिला लोण्यासारखा वास येतो आणि ॲसिटोबॅक्टरमुळे हवेच्या संपर्कात तिचे शिर्क्याकडे रूपांतर होऊ लागते.

रिकामे झालेले भांडे लगेच गरम पाण्याने दोन-तीनदा विसळून, झाकण न लावता उलटे ठेवून वाळवतात. झाकण लावून ओले ठेवल्यास आत बुरशी येते. भांडी घासण्याच्या साबणाचा थर आत राहिल्यास फेस टिकत नाही. झाकणातील वायसर झिजला असेल तर झाकण बदलावे लागते. काही मद्यालये गिऱ्हाइकाचे भांडे न भरता त्याच्या बदल्यात धुतलेले दुसरे देतात.

भांडे स्वच्छ असूनही नळ अस्वच्छ असल्यास उपयोग होत नाही. अमेरिकेतील ब्रूअर्स असोसिएशन ही संघटना केगपासून नळापर्यंतच्या नळ्या दर १४ दिवसांनी क्षारयुक्त द्रावणाने धुण्याची शिफारस करते. नळ्यांत साचणारा कॅल्शियम ऑक्झलेटचा कठीण थर, ज्याला 'बिअरस्टोन' म्हणतात, काढण्यासाठी अधूनमधून आम्लयुक्त द्रावण वापरावे लागते.

सुरक्षितता

साधा काचेचा ग्राउलर हे उच्च दाबासाठी घडवलेले भांडे नाही. शँपेनच्या बाटलीची जाड काच आणि खोलगट तळ त्याला नसतो. थंड असताना आतील दाब फारसा नसतो, परंतु वर सांगितल्याप्रमाणे तापमानाबरोबर तो झपाट्याने वाढतो. भरलेला ग्राउलर उन्हात उभ्या असलेल्या मोटारीत राहिल्यास झाकण उडण्याचा किंवा काच फुटण्याचा संभव असतो आणि तुकडे वेगाने उडून गंभीर इजा होऊ शकते.

भांडे काठोकाठ भरणे अधिक धोक्याचे असते. तापल्यावर द्रव प्रसरण पावतो आणि वर दाबली जाण्याजोगी वायूची जागा नसेल तर सर्व ताण काचेवर येतो. म्हणून साधारण पाच टक्के जागा मोकळी सोडतात. फ्रीझरमध्ये भांडे विसरणेही तितकेच घातक आहे, कारण पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के प्रसरण पावते. तडा गेलेले किंवा तोंडाचा टवका उडालेले भांडे भरू नये. गरम पाण्याने धुतलेल्या काचेत लगेच थंड बिअर ओतू नये. साखर घालून किण्वन चालू ठेवण्यासाठी ग्राउलर वापरू नये. त्यात निर्माण होणाऱ्या वायूचा दाब आवरता येत नाही.

भरणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठी आणखी एक धोका असतो. कार्बन डायऑक्साइड रंगहीन, जड आणि बंद जागेत तळाशी साचणारा वायू आहे. शीतगृहासारख्या बंद खोलीत नळकांडे गळू लागल्यास प्राणघातक गुदमर होऊ शकते. अशा ठिकाणी वायुवीजन आणि वायू मोजणारे इशारायंत्र आवश्यक मानले जाते.

टिकाऊपणा

नळीने भरलेला ग्राउलर शीतकपाटात ठेवल्यास सामान्यतः एक ते तीन दिवसांत संपवणे इष्ट असते. प्रतिदाबाने भरलेली बिअर आणि क्राउलर थंड ठेवल्यास काही आठवडे टिकू शकतात. या पद्धतींत फरक पडतो तो प्रामुख्याने आत राहिलेल्या ऑक्सिजनमुळे. कोणत्याही पद्धतीने भरले तरी झाकण उघडल्यानंतर प्रत्येक पेल्यामागे तितकीच हवा आत जाते, म्हणून उघडलेले भांडे एका दिवसात संपवतात. नळाची बिअर पुष्कळदा पाश्चरीकृत नसते. तिला सतत ३ ते ४ अंशांच्या आसपास ठेवणे महत्त्वाचे असते.

कायदे

ग्राउलरविषयक नियमांचा मुख्य प्रश्न हा आहे की, अशी विक्री पेयपान समजावी की बाटलीबंद मालाची विक्री. अमेरिकेच्या संघराज्य पातळीवर गिऱ्हाइकाच्या मागणीनंतर भरलेले भांडे मोठ्या पेल्यासारखे मानले जाते, तर आधीच भरून ठेवलेले भांडे बाटली समजले जाते आणि त्याला लेबलाचे नियम लागू होतात. उर्वरित नियम राज्यागणिक बदलतात. फ्लॉरिडात ३२ आणि १२८ औंसांच्या ग्राउलरला परवानगी असताना सर्वत्र प्रमाण मानल्या गेलेल्या ६४ औंसांच्या आकारावर मात्र बंदी होती. ती २०१५ मध्ये उठली. मोटारीत उघडे मद्य बाळगण्यास अनेक राज्यांत मनाई असल्याने झाकणावर चिकटपट्टीची मोहोर लावण्याची पद्धत आहे.

भारतात

भारतीय राज्यघटनेनुसार मद्य हा राज्यसूचीतील विषय असल्याने ग्राउलरविषयी देशभर एकच नियम नाही. २००९ मध्ये पुण्यात 'डूलाली' हे लघुनिर्मितीगृह सुरू झाले. वेडसरपणा या अर्थाचा हा इंग्रजी बोलीतील शब्द नाशिकजवळील देवळाली येथील ब्रिटिश लष्करी छावणीच्या नावावरून आला आहे. पुढील काळात पुणे, मुंबई आणि बंगळूर येथे अशा निर्मितीगृहांची संख्या वाढली. त्यांची बिअर प्रामुख्याने तेथेच ताजी पिण्यासाठी तयार होते. त्यामुळे ग्राहक येणे थांबले की तिला दुसरी वाट उरत नाही.

ही अडचण २०२० च्या टाळेबंदीत प्रकर्षाने समोर आली. उपाहारगृहे बंद असल्याने टाक्यांत तयार असलेली बिअर ओतून देण्याची वेळ अनेकांवर आली. त्या वर्षी महाराष्ट्र आणि कर्नाटक या राज्यांनी लघुनिर्मितीगृहांना ग्राउलरमधून बिअर घरी नेण्यासाठी विकण्याची मुभा दिली.

महाराष्ट्रात मद्याची विक्री, वाहतूक आणि बाळगणे यांचे नियमन १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार होते. बिअर पिण्यासाठी किमान वय २१ वर्षे असून वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत दारूबंदी आहे. भरलेला ग्राउलर बाळगणाऱ्यालाही हे नियम लागू होतात. उन्हाळ्यात राज्याच्या मोठ्या भागात तापमान ४० अंशांच्या आसपास जात असल्याने बर्फाच्या पिशवीशिवाय काचेचा ग्राउलर दूर नेणे चवीच्या आणि सुरक्षिततेच्या दोन्ही दृष्टींनी अयोग्य ठरते.